डबल चेंबर बेस रिफ्लेक्स बॉक्स: आठ इंची वूफरला करावा का?

खटपट्या
मंडळी, आठ इंची वूफरची एक जोडी घरात पडून आहे, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून घेतलेली. खोक्यावर ८ ओहम आणि वॉट सोडून काही छापलेलं नाही, डेटाशीट मागितली तर दुकानदार हसला. साधा रिफ्लेक्स बॉक्स (एकच कप्पा, त्याला हवेचा पाईप) आधी केलाय, आता डबल चेंबर करायचा विचार आहे, म्हणजे मधे फळी, दोन कप्पे, तीन पाईप. आमच्या गल्लीतला साउंडवाला म्हणतो डबल चेंबर म्हणजे डबल बेस, मंडळाचे सगळे बॉक्स तसेच असतात. पण त्याच्या बॉक्समधे स्पीकर बाहेरून दिसतच नाही, नुसती भोकं दिसतात. मी नेटवर बघितलेल्या चित्रात मात्र स्पीकर समोरच आहे. तर हे दोन्ही एकच का? आणि लिटर, पाईप यांचा हिशोब कुणी मराठीत समजावेल का? सुतार ओळखीचा आहे, १८ एमएम प्लाय घेणार आहे. हॉलमधे ऐकायला टू-वे टॉवर (खाली वूफर, वरच्या सुरांना ट्वीटर) करायचाय, मिरवणूक काढायची नाही.

ओहम_शांती
दोन्ही एक नाहीत. स्पीकर आत, मधल्या फळीवर बसवलेला आणि आवाज फक्त पाईपमधून बाहेर येतो तो बँडपास. एक कप्पा बंद आणि एकाला पाईप असेल तर फोर्थ ऑर्डर, दोन्हीला पाईप असतील तर सिक्स्थ ऑर्डर. १९८७ साली बोस कंपनीचं अकूस्टिमास आलं, ते घरगुती बँडपासचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. तुमच्या चित्रातला तो डबल चेंबर रिफ्लेक्स, त्यात स्पीकर मोठ्या कप्प्यात बसतो आणि तोंड बाहेर. जॉर्ज ऑग्सपर्गर यांनी १९६१ साली इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड मासिकात हा मांडला. साधा रिफ्लेक्स त्याहून खूप जुना, बेल लॅब्जमधल्या थुरास यांचं पेटंट १९३२ चं आहे. गंमत अशी की ऑस्ट्रेलियात थील यांनी रिफ्लेक्स बॉक्सचं पद्धतशीर गणित छापलं तेही १९६१ सालीच, पण ते जगभर पोचलं १९७१ नंतर.

ऑग्सपर्गर पद्धतीत मोठा कप्पा लहानाच्या दुप्पट आणि तिन्ही पाईप सारखे: एक मोठ्या कप्प्यातून बाहेर, एक लहान कप्प्यातून बाहेर, एक मधल्या फळीतून. असं केलं की बॉक्सला एकाऐवजी दोन ट्युनिंग (ज्या हर्ट्झला पाईपमधली हवा घुमते ते) मिळतात आणि वरचं खालच्याच्या १.९३ पट येतं. हा आकडा कुठून ढापलेला नाही, कागदावर काढला तर दोन ओळींचं वर्गसमीकरण आहे.

साउंडवाला_सांगली
आमच्या लायनीत डबल चेंबर हा शब्द कशालाही लावतात, त्याचं मनावर घेऊ नका. गिऱ्हाईकाला दोन पाईप दिसले की तो खूश.

लाकूडतोड्या
आधी वूफर मोजा, मग सुताराला फोन करा. डेटाशीट नाही म्हणून अडायचं कारण नाही. लॅपटॉप, एक १०० ओहमचा रेझिस्टर, दोन वायरी आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर, एवढ्यात इम्पिडन्सचा (कुठल्या हर्ट्झला किती ओहम याचा) आलेख निघतो. स्पीकर टेबलावर मॅग्नेटवर आडवा ठेवून मोजू नका, उभा धरून शिकंज्यात आवळा, मागचं भोक मोकळं पाहिजे. आलेखात जिथे शेंडा येतो तो एफएस, म्हणजे मोकळा स्पीकर स्वतःहून ज्या हर्ट्झला डोलतो तो.

व्हीएएस (स्पीकरच्या लवचिकपणाच्या तोडीची हवा किती लिटर ते) काढायला कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, वजन चिकटवायचं असतं. त्यासाठी पाच रुपयाची पिवळी नाणी उत्तम, निकेल-ब्रासची, २०१९ च्या आधीची, ६ ग्रॅमची. डस्टकॅपच्या (मधल्या टोपीच्या) दोन बाजूंना समोरासमोर एकेक, खाली निळा चिकटगोळा (त्याचंही वजन धरा, सोनाराकडे काटा असतोच). एक-दोन रुपयाची स्टीलची नाणी नकोत, मॅग्नेट ओढतं आणि रीडिंग भलतंच येतं. पाच रुपयाचीही काही जुनी स्टीलची आहेत, चुंबक लावून बघा.

खटपट्या
लाकूडतोड्या काका, मोजलं. एफएस ३८, दोन नाणी चिकटवल्यावर ३० वर आला. क्यूटीएस (स्पीकरचं डोलणं किती आवरलेलं ते) ०.४० दाखवतंय. दोन्ही वूफर जवळपास सारखे आहेत. पुढे?

ओहम_शांती
झकास. ३८ भागिले ३० चा वर्ग १.६, त्यातून एक वजा केला की ०.६, आणि १२ ग्रॅमला ०.६ ने भागलं की हलणारं वजन साधारण २० ग्रॅम. त्यावरून आठ इंची कोन धरून व्हीएएस निघतो ५७ लिटरच्या आसपास. अशा वूफरला साध्या रिफ्लेक्सचा नेहमीचा हिशोब ६० लिटर आणि ३६ हर्ट्झ सांगतो. मग डबल चेंबरही ६० चाच करा: ४० अधिक २०.

पाईपसाठी एक सोपी युक्ती आहे. मधली फळी नाहीच असं समजायचं, ६० लिटरला बाहेरचे दोन पाईप धरून साधं ट्युनिंग काढायचं. डबल चेंबरचं खालचं ट्युनिंग त्याच्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी येतं, बस. म्हणजे ३७ चा साधा हिशोब केला की खाली ३६ आणि वर ७० मिळतील. ७५ एमएमचा प्लंबिंगचा पाईप आतून ७० च्या आसपास भरतो (मोजून घ्या, जाडी कंपनीगणिक बदलते), त्याची लांबी येते २३ सेंमी. तिन्ही तुकडे एकाच लांबीचे.

लाकूडतोड्या
६० हे निव्वळ लिटर झाले, सुताराला हे सांगू नका. पाईप स्वतः एकेक लिटर खातो आणि मधला पाईप मोठ्या कप्प्यातच उभा राहणार कारण लहान कप्प्यात उंचीच नाही. त्यात स्पीकरची पाठ आणि आतल्या आडव्या पट्ट्या. म्हणून मोठा कप्पा ४५ लिटर आणि लहान साडेएकवीस धरून चला. आतून रुंदी २८, खोली ३६ ठेवली तर मोठ्याची उंची ४४.६ आणि लहानाची २१.३ सेंमी. खोली ३६ मुद्दाम, म्हणजे पाईपच्या मागच्या तोंडापासून पाठीच्या फळीपर्यंत १३ सेंमी मोकळे राहतात. पाईपचं तोंड भिंतीला चिकटलं की ट्युनिंग खाली सरकतं.

आठ बाय चारच्या एका शीटमधे दोन्ही बॉक्स बसतात, पण जेमतेम. करवतीच्या पात्याची जाडी धरून आधी कागदावर तुकडे मांडा. सुतार मंडळी पहिला काप मारून मग विचार करतात.

खर्जातला_सा
जरा थांबा. सगळे लिटर मोजताय पण हा बॉक्स वाजतो कसा ते कुणी बोलेना. दोन ट्युनिंग म्हणजे दोन ठिकाणी कोन जवळजवळ थांबतो हे खरं. पण दोन्ही ट्युनिंगला पाईप सारखे वागत नाहीत. ३६ ला दोन्ही बाहेरचे पाईप एकाच दिशेने हवा ढकलतात, मोठ्या कप्प्याचा थोडा जास्त, लहानाचा थोडा कमी. ७० ला मात्र लहान कप्प्याचा पाईप उलट दिशेने ढकलतो आणि तोही मोठ्याच्या पावणेतीन पट जोराने. एक बाहेर फुंकतोय आणि दुसरा आत ओढतोय. ओहमरावांचंच समीकरण पुढे रेटा, कोन अधिक दोन पाईप यांची एकूण बेरीज शून्य होते ती खालच्या ट्युनिंगच्या जवळजवळ दुपटीला, १.९९ पट. म्हणजे तुमच्या बॉक्समधे ७१-७२ हर्ट्झला खाच. आणि त्याच्या जरा खाली, ६४ च्या आसपास, मधला पाईप आणि लहान कप्पा मिळून मोठ्या कप्प्यातला दाब गिळून टाकतात, स्पीकरला वाटतं मागे बॉक्सच नाही, तिथे उंचवटा. प्रत्यक्षात हवेचं घर्षण आणि गळती यामुळे दोन्ही बोथट होतात पण नाहीसे होत नाहीत.

आता ७१ कुठे येतं बघा. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९.३ हर्ट्झ. बेस गिटारवर तोच सी शार्प आणि त्याच्या शेजारचा डी ७३.४. खाच या दोघांच्या बरोबर मधे. अख्खं संगीत जिथे उभं राहतं तिथेच तुम्ही खड्डा खणताय आणि वर त्याला डबल बेस म्हणताय.

साउंडवाला_सांगली
😂 काळी एक! बुवा मंडळी इथे पण.

ओहम_शांती
खर्ज साहेबांचं गणित मी रात्री बसून तपासलं, बरोबर आहे. खाच विसरून नुसतं "कोन कमी हलतो" एवढंच सगळीकडे सांगतात आणि तेही अर्धवट, कारण दोन ट्युनिंगच्या मधे तो मस्त हलतो. पण म्हणून डिझाईन टाकाऊ होत नाही. सबवूफर म्हणून वापरलं आणि ५०-५५ ला क्रॉसओव्हरने (त्याच्या वरचे सूर अडवणाऱ्या सर्किटने) कापलं तर ७१ ची खाच कुणाला ऐकू येणार? किंवा पूर्ण बॉक्सच वर ट्यून करा, खालचं ४८ ठेवलं तर खाच ९५ ला जाते, मग ८० ला कापून उभ्या कार्यक्रमाला वाजवा. पीएवाल्यांना (कार्यक्रमाला साउंड लावणाऱ्यांना) तसंही ३६ हर्ट्झ लागत नाही.

खर्जातला_सा
लागू द्या की कुणाला लागत असेल तर. माझं म्हणणं एवढंच की खटपट्या भाऊंना टू-वे टॉवर करायचाय, वूफर थेट दोन हजार हर्ट्झपर्यंत वाजणार. तिथे साधा रिफ्लेक्सच बरा. तेवढेच लिटर, दोनच पाईप, खाच नाही, सुताराचं काम निम्मं.

खटपट्या
आता माझी पंचाईत. दोघांचंही पटतंय 🙂 टू-वेच करायचा होता पण सबचाही मोह आहेच. दोन्ही बॉक्स वेगवेगळे करायला प्लाय परवडणार नाही, सध्या शीटचा भाव विचारू नका.

चिकटपट्टी
मग मधली फळी चिकटवूच नका ना. ओहम_शांती यांच्या युक्तीतच उत्तर आहे: फळी काढली की तोच बॉक्स तेच दोन पाईप घेऊन ३६-३७ ला ट्यून झालेला साधा रिफ्लेक्स होतो, एक मिलीमीटर कापायला लागत नाही. आत चारी बाजूंनी २० एमएमची सागवानी पट्टी फिरवायची, तिच्यावर दारं-खिडक्यांना लावतात तो फोमचा टेप, आणि फळी वरून दहा-बारा स्क्रूने आवळायची. पाठीची फळी पण स्क्रूवाली ठेवा. आज डबल चेंबर ऐका, उद्या फळी काढून साधा ऐका, परवा ठरवा. खर्जवाल्यांना चहाला बोलवा.

लाकूडतोड्या
हे आवडलं. फक्त गळतीकडे बघा. बाहेरून बॉक्स गळला तर शिट्टी ऐकू येते, मधली फळी गळली तर काहीच ऐकू येत नाही, फक्त वरचं ट्युनिंग मऊ पडतं आणि माणूस गणिताला शिव्या घालत बसतो. टेप कोपऱ्यात तोडू नका, सलग फिरवून शेवटचा सांधा तिरका कापा. प्लाय कापल्यावर कडा बघा, आत पोकळ्या असतील तर लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा. स्वस्तातल्या कमर्शियल प्लायमधे बोटभर पोकळी निघते आणि नेमकी पाईपच्या भोकातच निघते. परवडत असेल तर आयएस ७१० चा (मरीन प्लाय) घ्या, वॉटरप्रूफ आहे म्हणून नव्हे, थर भरीव असतात म्हणून.

मोठ्या कप्प्याला पुढून पाठीपर्यंत एक आडवी पट्टी हवीच. आणि पाईप भोकात नुसता एम-सीलने उभा करू नका, मधला पाईप २३ सेंमीचा खांबासारखा उभा राहणार, त्याला वरून एक कॉलर किंवा पट्टीचा आधार द्या नाहीतर तो स्वतःच थरथरतो.

साउंडवाला_सांगली
पाईपच्या तोंडाची धार मोडा. हीटगनने गरम करून स्टीलच्या वाटीवर दाबलं की तोंड पसरट होतं, फुसफुस निम्म्याने कमी. हवेचा वेग सेकंदाला १५-१७ मीटरच्या वर गेला की कुठलाही पाईप फुसफुसतो, पण हॉलमधे आठ इंचीला तेवढं वाजवणार नाही तुम्ही. शेजारी सोसायटीत तक्रार करतील ती आधी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आम्हाला पाठ आहे, दर गणपतीला सांगतात.

गोंधळी
नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. झालाय बरोबर की नाही हे कळणार कसं? कानाने?

ओहम_शांती
कानाने नाही, परत तोच रेझिस्टर आणि लॅपटॉप. साध्या रिफ्लेक्सच्या इम्पिडन्स आलेखात दोन शेंडे आणि मधे एक दरी असते. डबल चेंबरला तीन शेंडे आणि दोन दऱ्या. दऱ्या जिथे तिथे ट्युनिंग. तुमच्या बाबतीत ३६ आणि ७० जवळ दिसल्या पाहिजेत. दुसरी दरी दिसलीच नाही तर मधली फळी गळतेय. खात्री करायची असेल तर लहान कप्प्याच्या बाहेरच्या पाईपात जुन्या टॉवेलचा बोळा घट्ट कोंबा, खालची दरी २४-२५ ला आणि वरची ५९ ला सरकली पाहिजे. सरकली तर कप्पे खरंच वेगळे आहेत.

नंतर मोबाईलला साधा माईक लावून पाईपच्या तोंडाशी धरा, दोन्ही पाईप वेगवेगळे मोजा. ७० ला लहान कप्प्याचा पाईप मोठ्यापेक्षा बराच जास्त बोलताना दिसेल, तीच ती पावणेतीन पट. तोंडाशी माईक धरून मोजायची ही पद्धत डॉन कील यांची, १९७४ ची. खोलीचा घुमारा त्यात फार येत नाही म्हणून फ्लॅटमधे राहणाऱ्यांना तीच कामाची.

कोल्हापुरी_कर्णा
धागा वाचूनच मी एक बॉक्स ठोकला, वूफर जवळपास तशाच आकड्यांचा आहे. दऱ्या ३५ आणि ६६ ला आल्या. खालची ठीक आहे, वरची ७० ऐवजी ६६ का? पाईप तिन्ही २३ चेच आहेत, परत मोजले. दोन्ही कप्प्यांचे लिटरही बरोबर आहेत.

खर्जातला_सा
लहान कप्प्यात कापूस भरलाय का?

कोल्हापुरी_कर्णा
हो, उशीतला पॉलिएस्टर, अर्ध्याच्या वर भरलाय. आवाज मऊ यावा म्हणून.

खर्जातला_सा
तेच. कापसाने कप्पा हवेला मोठा वाटतो. वीसचा तेवीस धरून गणित करा, खाली ३५.४ आणि वर ६५.९ येतं, तुमच्या मापाशी तंतोतंत. लहान कप्पा रिकामा करा, फक्त मोठ्या कप्प्याच्या पाठीला आणि स्पीकरच्या मागे एक थर ठेवा, तो ३८५ च्या आसपासचा उभ्या उंचीचा घुमारा मारायला लागतोच. पाईपच्या तोंडापुढे काही नको.

कोल्हापुरी_कर्णा
काढला. ३६ आणि ६९. वा! आभारी आहे बुवा.

खटपट्या
सगळ्यांचे आभार, माझेही झाले. चिकटपट्टी यांच्या पद्धतीने स्क्रूवाली फळी. गेले काही दिवस दोन्ही प्रकार आलटून पालटून ऐकतोय. माईकवर ७१ ला खड्डा अगदी स्पष्ट आहे, पाताळात जात नाही पण दिसतो. नुसत्या टू-वेमधे डबल चेंबर ऐकलं तर पखवाजाला एकदम धमक वाटते, ती बहुतेक ६४ चा उंचवटा. पण डबल बेसच्या चालत्या तुकड्यात एक-दोन सूर मधूनच पडल्यासारखे वाटतात, एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येतं. फळी काढल्यावर धमक कमी पण सगळे सूर एका ओळीत. बायकोला विचारलं, तिला काही फरक कळला नाही, तिचा प्रश्न एवढाच की हे दोन रांजण हॉलमधेच राहणार का.

सध्या हॉलमधल्या जोडीत फळी नाही. फळ्या माळ्यावर ठेवल्यात, पुढे अँप्लिफायरला सबचं आउटपुट मिळालं की ५५ ला कापून परत लावून बघणार.

खर्जातला_सा
चहा राहिलाय.

खटपट्या
या की. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन या, काळी एकचंच. दोन्ही ऐकवतो, फळी काढायला-घालायला अर्धा तास लागतो फक्त.

चिकटपट्टी
अर्ध्या तासाने पहिला कसा वाजत होता ते कुणाच्या लक्षात राहणार? जोडीतल्या एकाच बॉक्सला फळी लावा आणि बॅलन्सचं बटण फिरवा. दोघांची लेव्हल तेवढी आधी २००-३०० हर्ट्झला माईकने सारखी करून घ्या.

लाकूडतोड्या
आणि दोन्ही बॉक्स एकमेकांना चिकटवून ठेवा, कोपऱ्यापासून सारख्या अंतरावर. नाहीतर खोलीच ऐकाल. जाता जाता खटपट्या, कापायचा तक्ता टाका ना इथे, दोघातिघांनी खाजगी निरोप केलेत मला.

खटपट्या
टाकतो संध्याकाळी. सुताराने आपल्या हाताने प्लायच्या तुकड्यावरच काढलाय, फोटो काढावा लागेल.